पॉमेरियन इतका लहान कसा झाला

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत कुत्रा आणायचं ठरलं, की दोन नावं हमखास निघायची. अंगण असेल तर अल्सेशियन, फ्लॅट असेल तर पॉमेरियन. पांढरा, केसाळ, कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी, आणि दाराची बेल वाजायचा अवकाश की सोफ्याखालून भुंकत येणारा. १९९४ साली गाजलेल्या एका हिंदी चित्रपटात क्रिकेटच्या सामन्याचा पंच झालेल्या टफीमुळे तर तो पोराटोरांच्याही ओळखीचा झाला. गंमत म्हणजे टफी पॉमेरियन नव्हता. आपल्या वाड्यांत, चाळींत, सोसायट्यांत पॉमेरियन म्हणून वावरलेले बहुतेक कुत्रेही पॉमेरियन नव्हते. ते कोण होते, हे कळायला आधी खरा पॉमेरियन कुठून आला आणि मुख्य म्हणजे तो एवढासा कसा झाला, हे बघावं लागतं.

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मापाप्रमाणे पॉमेरियनचं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण दीड ते सव्वातीन किलो असावं. घरातला धष्टपुष्ट बोका याहून जड भरतो. पण अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये याच नावानं ओळखला जाणारा कुत्रा याच्या चार-पाच पट वजनाचा होता. त्याला कुणी मांडीवर घेत नसे, तो मालकाच्या शेजारी चालायचा. मोठ्याचा लहान होण्याचा हा सगळा प्रकार माणसांनी घडवून आणला, आणि त्यातला बराचसा भाग एका माणसाच्या हयातीत उरकला.

पॉमेरियनचं घराणं स्पिट्झ. टोकदार तोंड, उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि दुहेरी केस ही या घराण्याची ओळख. दुहेरी म्हणजे आत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, जरा राठ केसांचा थर. सायबेरियातला सामोयेड, बर्फात गाड्या ओढणारा हस्की, जपानचा अकिता हे सगळे याच घराण्यातले. थंड मुलखांत माणसाबरोबर हजारो वर्षं राहिलेले, कष्टाची कामं केलेले कुत्रे.

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पट्टा. आज त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये आहे आणि उरलेला जर्मनीत. हा कुत्रा नेमका तिथेच घडला, याचा काही दाखला नाही. त्या बाजूचे स्पिट्झ इंग्लंडमध्ये पोहोचले आणि इंग्रजांनी त्यांना त्या मुलखाचं नाव चिकटवलं, एवढंच. युरोपातल्या बहुतेक देशांच्या श्वानसंघटना ज्या एफसीआय या शिखर संस्थेखाली येतात, ती तर आजही पॉमेरियनला वेगळी जात मानत नाही. तिच्या लेखी ‘जर्मन स्पिट्झ’ ही एकच जात आहे आणि तिचे पाच आकार. सर्वांत मोठा वोल्फस्पिट्झ, खांद्याशी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास. सर्वांत लहान तो पॉमेरियन, वीसच्या आसपास. मधे तीन पायऱ्या. ब्रिटन-अमेरिकेत मात्र त्याचं खातं स्वतंत्र. म्हणजे एकच कुत्रा एका देशात ‘जात’ असतो आणि दुसऱ्या देशात नुसता ‘आकार’. जात ही जमिनीतून उगवत नाही. कुणीतरी नोंदवही उघडतं, वर्णन लिहून काढतं आणि त्यात बसणाऱ्यांना आत घेतं. पॉमेरियनच्या गोष्टीत ही नोंदवही फार महत्त्वाची आहे.

जर्मनीतल्या शेतांवर, द्राक्षमळ्यांत आणि मालवाहू गाड्यांवर स्पिट्झ राखणीला असत. गाडीवान सराईत गेला की मालावर बसून राहायचं आणि अनोळखी माणूस जवळ आला की आरडाओरडा करायचा, हे त्याचं काम. त्यासाठी कुत्रा शिकारीच्या मागे पळून जाणारा नको, जागा न सोडणारा हवा. अंगावर धावून जाणारा नसला तरी चालेल, पण गप्प बसणारा नको. पिढ्यानपिढ्या असेच कुत्रे निवडले गेले. अंगानं तो आटला, पण घसा तोच राहिला. कुरिअरवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरचे काका यांतल्या प्रत्येकावर दोन किलोचा जीव तुटून भुंकतो तेव्हा त्याला शिस्त लावा, जरूर लावा. पण त्याच्या खापरपणजोबांना याच कामाची भाकरी मिळत होती.

इंग्लंडच्या दरबारात हा कुत्रा आला तो राणी शार्लटबरोबर. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झ या छोट्या संस्थानाची ही मुलगी १७६१ साली सतराव्या वर्षी तिसऱ्या जॉर्ज राजाशी लग्न करून लंडनला आली. माहेरच्या बाजूला असे स्पिट्झ घरोघरी. १७६७ साली तिने आणवलेल्या जोडीची नावंही सांगितली जातात, फिबी आणि मर्क्युरी. राणीकडे आहे म्हटल्यावर उमराव घराण्यांत त्याची फॅशन झाली.

हे कुत्रे दिसायला कसे होते, याचा उत्तम पुरावा थॉमस गेन्सबरो या चित्रकाराने ठेवला आहे. त्याचा दोस्त कार्ल फ्रीडरिश आबेल हा जर्मन संगीतकार शार्लट राणीच्याच पदरी होता आणि त्याच्याकडे पांढरे स्पिट्झ होते. १७७७च्या सुमारास गेन्सबरोने आबेलची कुत्री आणि तिचं पिल्लू यांचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ‘सकाळचा फेरफटका’ या त्याच्या १७८५च्या प्रसिद्ध चित्रात नवं जोडपं फिरायला निघालंय आणि बाईंच्या बाजूला एक पांढरा कुत्रा मान वर करून तिच्याकडे बघतोय. ही चित्रं इंटरनेटवर सहज सापडतात, एकदा मोठी करून बघाच. उंच पाय, लांब मुस्कट, गुडघ्याच्या वर पोहोचणारी उंची. आजचा पॉमेरियन त्याच्या शेजारी उभा केला तर कुणी नातेवाईक म्हणणार नाही.

इथे दोन दंतकथांचा निकाल लावून टाकतो, कारण पॉमेरियनवरच्या जवळपास प्रत्येक लेखात त्या येतात. मायकेलअँजेलो सिस्टीन चॅपेलचं छत रंगवत असताना त्याचा पॉमेरियन खाली रेशमी उशीवर बसून असायचा, ही एक. न्यूटनच्या ‘डायमंड’ नावाच्या पॉमेरियनने मेणबत्ती पाडून त्याचे कागद जाळले, ही दुसरी. दोन्हींना त्या काळातला पुरावा नाही. मायकेलअँजेलोच्या काळात तर पॉमेरियन या नावाची जातच नव्हती. मोठ्या माणसांच्या मांडीवर आपला कुत्रा बसवायची हौस सगळ्याच जातींच्या चाहत्यांना असते.

लहान होण्याची खरी गोष्ट सुरू होते ती शार्लटच्या नातीपासून. राणी व्हिक्टोरियाला कुत्र्यांचं वेड होतं. तिने आयुष्यभरात नाना जातींचे कुत्रे पाळले. १८८८ साली ती इटलीत फ्लॉरेन्सला मुक्कामी असताना तिला एक तांबूस स्पिट्झ आवडला. त्याचं नाव मार्को, वजन फक्त १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. इटलीत व्होल्पिनो नावाचा लहान स्पिट्झ आधीपासून होताच, तेव्हा मार्कोची नाळ तिकडेही जुळत असावी. विंडसरच्या श्वानशाळेत राणीने असे लहान कुत्रे जमवले, त्यांची पैदास केली आणि ते प्रदर्शनांत उतरवले. १८९१ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स हे कुत्र्यांचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं, तेव्हा राणीचे पॉमेरियन तिथे होते आणि त्यांनी बक्षिसंही मिळवली. राणीविरुद्ध कुठला परीक्षक निकाल देणार, हा प्रश्न मनात येतोच. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑसबोर्न हाउसमध्ये राणी शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिने टुरी या आपल्या पॉमेरियनला जवळ आणवलं होतं.

एका राणीच्या आवडीनं अख्खी जात कशी बदलेल? बदलली ती त्या आवडीला मिळालेल्या यंत्रणेमुळे. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या. प्रदर्शनांत वजनावरून वर्ग पडले. जिंकणाऱ्या नराला मेटिंगसाठी मागणी, त्याच्या पिल्लांना भाव, आणि जिंकतोय तो लहान. पुढचं सगळं हिशेबाचं आहे. एका वेतात चार पिल्लं झाली तर सगळी सारख्या मापाची नसतात. एखादं भावंडांपेक्षा लहान राहतं. ब्रीडरने दर वेतातलं लहान पिल्लू ठेवलं, दुसऱ्या घरच्या तशाच लहानाशी त्याची जोड लावली, मोठी पिल्लं घरी पाळायला देऊन टाकली. कुत्र्याची पिढी साधारण दोन वर्षांची. पन्नास वर्षांत पंचवीस पिढ्या. प्रत्येक पिढीत वजन थोडं थोडं उतरलं तरी पंचवीस वेळा उतरून कुठे जाईल! व्हिक्टोरियाच्या हयातीत पॉमेरियन निम्म्यावर आला असं म्हणतात, ते अशक्य वाटायचं कारण नाही. ती गेल्यावरही उतरण चालूच राहिली.

आता थोडं जनुकांबद्दल, कारण इथेच विज्ञानाने अलीकडे एक मजेशीर कलाटणी दिली आहे. शरीर किती वाढायचं हे ठरवण्यात आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचा मोठा हात असतो. हे संप्रेरक बनवणारं जनुक पंख्याच्या रेग्युलेटरसारखं समजा: पंखा तोच, पण बटण कितीवर आहे त्यावर वेग ठरतो. २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की लहान जातींच्या कुत्र्यांत या जनुकाचं एक विशिष्ट रूप असतं आणि मोठ्या जातींत बहुधा नसतं. त्यावरून सगळ्यांचा साधारण समज असा झाला, की लांडगा मोठा, त्यापासून कुत्रा झाला आणि मग माणसाच्या सोबतीत कधीतरी हा ‘लहान करणारा’ बदल नव्यानं घडला असणार.

२०२२ साली उलटंच निघालं. सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्याच्या अवशेषांत हे लहानपणाचं रूप सापडलं. तेव्हा माणसाने कुत्रा पाळलाही नव्हता. कोल्हे, कायोटी यांच्यातही तेच रूप दिसतं. म्हणजे लहान करणारं रूप जुनं आणि मोठं करणारं नंतरचं. लांडग्यांमध्ये मोठं रूप बहुसंख्य झालं, पण जुनं पार पुसलं गेलं नाही. कुठे कुठे उरलं आणि कुत्र्यांत उतरलं. व्हिक्टोरियाच्या काळातल्या ब्रीडरांनी नवीन काही निर्माण केलं नव्हतं. हजारो वर्षं लांडग्याच्या रक्तात पडून असलेलं बटण त्यांनी नकळत पुनःपुन्हा निवडलं. अर्थात आकार एका जनुकावर ठरत नाही. कुत्र्यांच्या जातींमधल्या आकाराच्या फरकापैकी साधारण १५ टक्के फरक या एकट्यामुळे पडतो आणि उरलेला इतर अनेकांमुळे. त्यामुळेच दोन किलोच्या आईबापांच्या पोटी मधूनच एखादं पिल्लू वाढता वाढता पाच किलोवर जातं आणि मालक ब्रीडरशी भांडायला जातात. त्यात दर वेळी फसवणूकच असते असं नाही. एखादा जुना पूर्वज डोकावलेला असतो.

आकाराबरोबर इतर गोष्टीही येतात आणि त्या गोड नाहीत. पॉमेरियनची गुडघ्याची वाटी सरकणं हे दुखणं इतकं नेहमीचं, की पळता पळता तो दोन पावलं मागचा पाय उचलून लंगडी घालतो आणि परत नीट चालतो. घरच्यांना ती नखऱ्याची चाल वाटते. श्वासनलिकेच्या कूर्चा कमकुवत असतात, नळी चपटी होते आणि बदकासारखा घोगरा खोकला येतो. गळ्यात पट्टा घालून ओढलं की तो वाढतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेसच घ्यावा. जबडा आटला पण दातांची संख्या ४२च राहिली, त्यामुळे दातांची गर्दी, कीट आणि लवकर पडणं. मादी एवढीशी असल्यामुळे वेतात पिल्लं एक ते तीन, आणि कधी कधी पिल्लू आईच्या मानाने मोठं, मग सिझेरियन.

केसांचंही तसंच. उन्हाळा लागला की नागपूर-जळगावकडे, आणि हल्ली पुण्यातही, लोक बिचाऱ्याची मशीन फिरवून हजामत करून टाकतात. कणव खरी असते, पण बाहेरचा केसांचा थर उन्हापासून कातडी राखतो आणि मुळापासून भादरल्यावर कित्येक पॉमेरियनांचे केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत. काहींची कातडी काळवंडून तशीच राहते. आतली लव विंचरून काढणं, दुपारचं बाहेर न नेणं आणि पंख्याखाली गार फरशी देणं हे जास्त उपयोगी.

विसाव्या शतकाची सुरुवात या कुत्र्याच्या भरभराटीची. अमेरिकन केनेल क्लबने १९०० साली त्याला मान्यता दिली. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा जहाजावरच्या कुत्र्यांपैकी तीनच वाचले, दोन पॉमेरियन आणि एक पेकिंगीज. श्रीमंत प्रवाशांनी त्यांना आपल्याबरोबर होडीत नेलं होतं. मोठे कुत्रे तसे नेता आले नाहीत. मग पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन नावाची प्रत्येक गोष्ट संशयास्पद झाली. अमेरिकेत जर्मन वसाहतकऱ्यांनी नेलेल्या पांढऱ्या मोठ्या स्पिट्झला त्याच सुमारास ‘अमेरिकन एस्किमो’ म्हणायला सुरुवात झाली. एस्किमोंचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आपल्या पिढीतली ताजी लाट आणली ती बू या सॅन फ्रान्सिस्कोच्या पॉमेरियनने. त्याचे आखूड कापलेले केस आणि वाटोळं तोंड असलेले फोटो फेसबुकवर लाखो लोकांनी बघितले. २०१९ साली तो वारला तेव्हा जगभर बातम्या झाल्या. बाजारात हल्ली ‘टेडी फेस’, ‘टीकप’, ‘मिनी टॉय’ असे शब्द ऐकू येतात. केनेल क्लबच्या वहीत यांतला एकही नाही. ही विक्रीची भाषा आहे आणि ‘टीकप’ बहुतेक वेळा वेतातलं सर्वांत अशक्त पिल्लू असतं. इकडे जर्मनीत मूळचा मोठा स्पिट्झ मात्र इतका कमी झालाय, की जुन्या पाळीव जाती जपणाऱ्या तिथल्या संस्थेने त्याला धोक्यात आलेल्यांमध्ये धरलंय. पणतू चैनीत आणि पणजोबा नामशेष व्हायच्या वाटेवर.

राहिला टफी. तो इंडियन स्पिट्झ. ब्रिटिश काळात साहेबांबरोबर जर्मन स्पिट्झ इथे आले आणि त्यांच्यापासून इथलं ऊन सोसणारी, इथल्या भाकरी-भातावर निभावणारी पैदास तयार होत गेली. परदेशी कुत्रे आयात करणं नियमांमुळे अवघड होतं, त्या काळात हा सहज मिळायचा, परवडायचा आणि फ्लॅटमध्ये मावायचा. त्याचेही दोन आकार मानतात: लहान पाच ते सात किलोचा, मोठा बारा ते वीस किलोचा. पॉमेरियनपेक्षा त्याचं मुस्कट लांब, कान मोठे, पाय उंच आणि केस विरळ. रंग बहुधा पांढरा. तब्येतीनेही तो दणकट. चौदा-पंधरा वर्षं जगलेले कितीतरी स्नोई आणि ब्राउनी लोकांना आठवत असतील.

राणी शार्लट आज सदाशिव पेठेत आली तर या स्नोईला बघून ‘हा माझा पॉमेरियन’ असंच म्हणेल. इन्स्टाग्रामवरचा दीड किलोचा नारिंगी गोळा तिला ओळखताही यायचा नाही. आपण इतकी वर्षं ज्याला चुकून पॉमेरियन म्हणत आलो, तो बांध्याने गेन्सबरोच्या चित्राला जास्त जवळचा आहे. तरीही हल्ली त्याला ‘ओरिजिनल नाही’ म्हणून नाक मुरडतात, आणि जनावरांच्या डॉक्टरकडच्या लसीच्या कार्डावर जातीच्या रकान्यात त्याच्यापुढे बिनदिक्कत ‘पॉम’ लिहिलेलं असतं.

दीड महिन्याचं पांढरं पिल्लू पॉमेरियनचं की इंडियन स्पिट्झचं, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. दोन्ही कापसाचे गोळे. फसवाफसवी तिथेच होते. म्हणून पिल्लाच्या आधी त्याची आई बघायला मागावी, तिचं वजन विचारावं, तिला चालवून बघावं. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरावं. २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायला लाजू नये. आणि आई सहा किलोची, लांब तोंडाची, मोठ्या कानांची निघाली तर ते पिल्लू इंडियन स्पिट्झ आहे असं समजून, इंडियन स्पिट्झच्या भावात, खुशाल घरी आणावं.